कोच बदलला, खुर्च्या त्याच: मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांच्या रागाची गोष्ट

हेडफोन लावा, चहा घ्या. आजचा भाग रागाचा आहे.

२०२५ चा मे महिना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. तिकडे स्पेनमध्ये, बिल्बाओत, युरोपा लीगची फायनल चालू होती, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम. मी कोल्हापुरात, घरचे झोपलेत म्हणून मोबाइलचा आवाज बंद करून मॅच बघत होतो. युनायटेड १-० ने हरली. चार दिवसांनी प्रीमियर लीग संपली, तेव्हा आपली टीम वीसपैकी पंधराव्या नंबरावर होती. १९७४ साली खालच्या डिव्हिजनमध्ये घसरल्यानंतरची ही सगळ्यात वाईट कामगिरी.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस. सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘अमोरिम आउट’. मीपण टाकलं, चार उद्गारचिन्हं लावून.

सकाळी मामा आले. मामा तरुणपणी पेठेतल्या संघाकडून गोलकीपर खेळायचे. माझं तोंड बघून विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, हा कोच बदललाच पाहिजे. मामांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “कोच बदलून काय हुतंय रे? तालीम कोण चालवतंय ते बघ की!”

तेव्हा मला ते पटलं नाही. पण त्यानंतर मी या क्लबचा इतिहास वाचायला घेतला, आणि मामांचा प्रश्न मँचेस्टरच्या लोकांनी १९३० सालीच विचारून ठेवलाय हे कळलं. आज तीच गोष्ट.

आधी एक छोटी गोष्ट स्पष्ट करतो. इंग्लंडमध्ये टीमच्या मुख्य कोचला ‘मॅनेजर’ म्हणायची जुनी पद्धत आहे. आणि आपण ज्यांना वैतागून ‘मॅनेजमेंट’ म्हणतो, ते म्हणजे तिकडचं बोर्ड, डायरेक्टर आणि मालक. म्हणजे मॅनेजर हा मॅनेजमेंटमधला माणूस नाही, तो त्यांचा नोकर. हे डोक्यात ठेवा.

बारा मॅच, बारा पराभव

युनायटेडचं मूळ नाव न्यूटन हीथ. १८७८ साली रेल्वेच्या कामगारांनी काढलेला क्लब. १९०२ मध्ये तो कर्जात बुडाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारू-कारखानदाराने पैसे घातले आणि क्लबला नवं नाव मिळालं. ओल्ड ट्रॅफर्डचं मैदानही त्याच्याच पैशातून उभं राहिलं. पुढची पंचवीस वर्षं हा माणूस क्लबचा आधार होता. १९२७ साली तो वारला. तिजोरीमागचा माणूस गेला, पण त्याची जागा कोण घेणार याचा विचार कोणी केला नव्हता.

त्याच वर्षी मॅनेजर म्हणून आला हर्बर्ट बॅमलेट. हा आधी रेफरी होता, आणि त्याचा एक भारी किस्सा आहे. १९०९ साली एफए कपच्या मॅचमध्ये युनायटेड बर्नलीकडून १-० ने मागे होती. जोरदार बर्फ पडायला लागला आणि ७२ मिनिटं झाल्यावर रेफरीने मॅच थांबवली. मॅच परत झाली, युनायटेड जिंकली आणि पुढे तो कपही जिंकली. तो रेफरी म्हणजे हाच बॅमलेट! एकेकाळी ज्याच्या शिट्टीने क्लब वाचला, तोच आता क्लब चालवायला आला होता.

१९३०-३१ चा सीझन सुरू झाला. पहिली मॅच हरली. दुसरी हरली. सप्टेंबरमध्ये आठ दिवसांत तीन मॅच झाल्या. चेल्सीने ६ गोल मारले, हडर्सफील्डने ६, न्यूकॅसलने ७. म्हणजे आठ दिवसांत १९ गोल खाल्ले! एकूण किती मॅच हरल्या माहितीय? सीझनच्या पहिल्या सलग बारा. पहिला विजय मिळाला तो थेट १ नोव्हेंबरला.

आता तो काळ आठवा. जगभर मंदी. मँचेस्टरच्या कापड गिरण्यांवर संकट. ज्या माणसाकडे आठवड्याच्या शेवटी मोजकी नाणी उरायची, तो त्यातलं एक नाणं देऊन मैदानात शिरायचा आणि सात गोल खाताना बघून घरी जायचा. त्याला राग येणारच की.

पाच मागण्या

पण या लोकांनी नुसत्या शिव्या दिल्या नाहीत. सपोर्टर्स क्लब होता, त्याचा सेक्रेटरी जॉर्ज ग्रीनहॉफ. त्यांनी बोर्डापुढे पाच मागण्या ठेवल्या. नीट ऐका, कारण आजचा सगळा भाग या पाच ओळींवर उभा आहे.

एक, नवा मॅनेजर. दोन, खेळाडू शोधण्याची, म्हणजे स्काउटिंगची चांगली व्यवस्था. तीन, नवे खेळाडू. चार, शेअरधारकांनी निवडून दिलेले पाच नवे डायरेक्टर. पाच, नवे शेअर काढून पैसा उभा करा.

बघा, पाचातली एकच मागणी मॅनेजरबद्दल आहे. बाकीच्या चार तालीम कोण आणि कशी चालवतंय त्याबद्दल! मामांचा प्रश्न, पंच्याण्णव वर्षं आधी.

बोर्डाने काय केलं? दखलच घेतली नाही. मग १७ ऑक्टोबर १९३० ला ह्यूम टाउन हॉलमध्ये चाहत्यांची सभा भरली. हजारो लोक आले. बोर्डावर अविश्वास दाखवला आणि ठरवलं की उद्याच्या आर्सेनलविरुद्धच्या मॅचला कोणी जायचं नाही. बहिष्कार.

दुसऱ्या दिवशी काय झालं? मैदानात २३,४०६ लोक आले.

हे वाचून मी आधी हसलो, मग गप्प झालो. कारण मीपण तेच करतो. ‘आता या टीमची एकही मॅच बघणार नाही’ असं मी किती वेळा म्हटलंय, आणि पुढच्या शनिवारी मोबाइल हातात असतोच. बोर्डाला हे पक्कं माहिती असतं. दुकानदार वाईट माल देत असेल तर आपण दुकान बदलतो. टीम कोण बदलतो? चाहत्याचं प्रेम हीच मालकाची सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. बहिष्कार फसला, तरी लोक हळूहळू, काही न बोलता, यायचे बंद झाले. सीझनच्या शेवटच्या मॅचला, मिडल्सब्रोविरुद्ध, ओल्ड ट्रॅफर्डवर प्रेक्षक होते ३,९६९. टीम तळाला. ४२ मॅचमध्ये ११५ गोल खाल्लेले. खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी.

आणि एप्रिल १९३१ मध्ये, सीझन संपायच्या आधीच, बॅमलेट गेला. म्हणजे पाच मागण्यांपैकी कोणती पूर्ण झाली? पहिली. सगळ्यात स्वस्त असलेली. त्याच्या जागी नवा मॅनेजरही आणला नाही, क्लबचे सेक्रेटरी वॉल्टर क्रिकमर यांनाच टीम सांभाळायला लावली. डायरेक्टरांच्या खुर्च्या तशाच.

मग सुधारणा झाली? उलट झालं. डिसेंबर १९३१ मध्ये खेळाडूंना पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. बँकेने हात वर केले. ख्रिसमस तोंडावर. तेव्हा जेम्स गिब्सन नावाचा गणवेश बनवणारा उद्योजक पुढे आला. आधी २,००० पाउंड दिले, पगार भागवले, मग क्लबचा ताबा घेतला आणि बोर्ड बदललं. लगेच चमत्कार झाला नाही. १९३४ मध्ये टीम तिसऱ्या डिव्हिजनच्या काठावर होती, शेवटच्या दिवशी मिलवॉलला २-० ने हरवून वाचली. पण १९३८ मध्ये गिब्सनच्या काळात तरुण खेळाडू घडवण्यासाठी क्लबची ज्युनियर संस्था उभी राहिली, आणि १९४५ मध्ये मॅट बझबी मॅनेजर झाले. पुढचा इतिहास तुम्हाला माहिती आहे.

म्हणजे पैसा, नवं बोर्ड, तरुण खेळाडूंचा शोध. चाहत्यांनी मागितलेल्या गोष्टीच शेवटी कामी आल्या. फक्त त्या मिळेपर्यंत क्लब बुडायला आला होता.

मग चाहते नेहमी बरोबर असतात का?

नाही राव. दुसरी गोष्ट ऐका.

९ डिसेंबर १९८९. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड क्रिस्टल पॅलेसकडून २-१ ने हरली. त्याआधी सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ ने धुतलं होतं. त्या दिवशी एका चाहत्याने चादरीवर लिहून बॅनर धरला. मतलब असा, की तीन वर्षं कारणं ऐकतोय, खेळ अजून भंगारच, टाटा फर्गी!

फर्गी म्हणजे अॅलेक्स फर्ग्युसन. हो, तेच.

वरचं चित्रही फार बरं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये मायकल नाइटन नावाच्या उद्योजकाने २ कोटी पाउंडांना क्लब विकत घ्यायचं जाहीर केलं होतं. क्लबची जर्सी घालून तो मैदानात उतरला आणि बॉल नाचवून दाखवला. ऑक्टोबरपर्यंत तो व्यवहारच फिसकटला. अशा गोंधळात बोर्डाने मॅनेजरचा बळी दिला असता तर कोणी नावं ठेवली नसती. पण बोर्डाने फर्ग्युसनना ठेवलं. का? कारण १९८६ मध्ये आल्यापासून त्यांनी खाली काय काम चालवलंय ते बोर्डाला दिसत होतं. स्काउटिंग वाढवलं होतं, शहरातली शाळकरी पोरं क्लबकडे ओढली होती. १९३० मधली दुसरी मागणी आठवली का? तीच. स्टँडमधल्या माणसाला स्कोअर दिसत होता, सरावाच्या मैदानावरची पोरं दिसत नव्हती.

जानेवारीत मार्क रॉबिन्सच्या गोलवर एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवलं. मे १९९० मध्ये कप जिंकला, तोही त्याच क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. लीगमध्ये मात्र तेव्हा तेरावा नंबर होता. पुढे २०१३ पर्यंत ३८ ट्रॉफी.

म्हणजे बॅनरवाला मूर्ख होता का? मला तसं वाटत नाही. त्याचा राग खरा होता, पैसे खरे होते. फक्त माणूस चुकला.

राग वरपर्यंत पोचतो तेव्हा

तिसरी गोष्ट आपल्या काळातली. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पाउंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच गळ्यात बांधलं. सोप्या भाषेत सांगतो. तुमचं घर मी विकत घेतो, त्यासाठी कर्ज काढतो आणि हप्ते मात्र तुम्ही भरायचे!

यावेळी चाहत्यांनी ‘फर्गी आउट’ म्हटलं नाही. त्यांना नेमकं ठिकाण कळलं होतं. काहींनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. एक सभासद, एक मत. खालच्या लीगपासून सुरुवात करून २०१५ मध्ये त्यांचं स्वतःचं मैदान उभं राहिलं. जे राहिले, त्यांनी २०१० मध्ये लालऐवजी हिरवे-पिवळे स्कार्फ घातले. ते न्यूटन हीथचे, रेल्वे कामगारांचे रंग. पण टीम जिंकत होती, त्यामुळे आवाज दबला.

२०१३ मध्ये फर्ग्युसन गेले आणि झाकण उडालं. मॉयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशायर, टेन हाग, अमोरिम. व्हॅन गालला तर एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. एवढे मॅनेजर बदलले, पण खेळाडू कोणते घ्यायचे हे ठरवणारा स्वतंत्र फुटबॉल डायरेक्टर नेमायला क्लबला २०२१ उजाडावं लागलं! प्रत्येक मॅनेजर आपल्या आवडीचे खेळाडू आणायचा, तो गेला की पुढच्याला ते नको असायचे. पुन्हा तीच दुसरी मागणी.

एप्रिल २०२१ मध्ये मालकांनी सुपर लीगचा घाट घातला, तेव्हा लोकांचा संयम संपला. २ मे ला चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. १९३० मध्ये जे जमलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. पण मालक गेले नाहीत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी भागीदारी घेतली. त्यानंतर शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सीझनच्या मध्यात सभासदांच्या उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पाउंड झाला, मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. आणि टीम? पंधरावी.

मग आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आपण इचलकरंजीत, नाशकात, मस्कतमध्ये बसून काय करणार? पटतंय. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर टीम हरली की रात्री कट्ट्यावर कारभाऱ्यांना जाब विचारता येतो. मँचेस्टरच्या मालकाला मी कुठे गाठू?

पण २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात उतरताना क्लबने जगभर ६५.९ कोटी फॉलोअर असल्याचं सांगितलं होतं. त्या आकड्यात आपणच होतो. आपलं बघणं, आपली जर्सी, आपलं लाइक, हे सगळं त्यांच्या हिशेबात धरलेलं असतं. आणि आपण रात्री दोन वाजता ‘कोच आउट’चा हॅशटॅग चालवतो, तेव्हा वरच्या लोकांना तो बराच सोयीचा पडतो. कोचला काढणं त्यांना जमतं. खुर्ची सोडणं जमत नाही.

कोचवर टीकाच करू नका असं मी म्हणत नाही. अमोरिमचे काही निर्णय मला आजही पटत नाहीत. पण मी ग्रुपवर आता एक नियम केलाय. जो ‘आउट’ लिहील, त्याने अजून चार मागण्या लिहायच्या, आणि त्या चार कोचबद्दल नसायला हव्यात. पहिल्या दिवशी ग्रुप शांत झाला. मग एकाने विचारलं, आपल्या क्लबचं कर्ज किती आहे रे? तिथून जी चर्चा सुरू झाली, ती पहाटेपर्यंत चालली.

तुमची टीम कुठलीही असो, तुमच्या पाच मागण्या मला पाठवा. मामांना वाचून दाखवणार आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा, आणि मॅच बघताना घरच्यांची झोप मोडू नका!