नेटवर्क स्विचमधील मल्टिकास्ट गाळणी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या माजी मालगुजारी तलावाचे पाणी सोडावयाचे झाल्यास तो निरोप देण्याचे तीन मार्ग संभवतात. कोतवालाने एकेका कास्तकाराच्या दारी जाणे, गावभर दवंडी देणे, अथवा ज्यांच्या बांध्या त्या तलावाच्या ओलिताखाली येतात तेवढ्यांच्याच कानी घालणे. संगणकांच्या जाळ्यात यांनाच अनुक्रमे युनिकास्ट, ब्रॉडकास्ट व मल्टिकास्ट म्हणतात. पहिल्या मार्गात शेवटच्या घरी निरोप उशिरा पोहोचतो, ही बाब पुढे उपयोगी पडणार असल्याने येथेच नोंदवून ठेवतो. प्रस्तुत लेखात तिसऱ्या मार्गाचा, विशेषतः त्यातील स्विचच्या भूमिकेचा, इतिहास पाहावयाचा आहे.

विवेचन :

इंटरनेटवरील मल्टिकास्टची मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८० च्या दशकात केली. ऑगस्ट १९८९ च्या ‘आरएफसी १११२’ या दस्तऐवजाने तिला प्रमाणरूप दिले. २२४ ते २३९ या अंकांनी सुरू होणारे पत्ते समूहांसाठी राखून ठेवण्यात आले. समूहाचे सभासद व्हावयाचे असल्यास संगणकाने ‘आयजीएमपी’ या नियमावलीनुसार राऊटरला तसे कळवावयाचे होते. या व्यवस्थेत स्विचला स्थान नव्हते आणि ते स्वाभाविकही होते; कारण पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला. तो आणणाऱ्या कंपनीचे नाव ‘कल्पना’. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज व लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक होत. भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव कंपनीस दिले गेले, हा तपशील आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा असा आहे.

कोणत्या पोर्टवर कोण आहे, हे स्विच प्रेषकाच्या पत्त्यावरून शिकतो. समूहाचा पत्ता मात्र प्रेषक म्हणून कधीच येत नाही. त्यामुळे तो शिकणे स्विचला शक्य होत नाही आणि समूहासाठी आलेला मजकूर तो सर्व पोर्टांवर सोडून देतो. म्हणजे मल्टिकास्टची पुन्हा दवंडीच झाली! यावर उत्पादकांनी १९९० च्या दशकात काढलेला उपाय म्हणजे ‘आयजीएमपी स्नूपिंग’. राऊटरसाठी निघालेला सभासदत्वाचा संदेश स्विच वाटेतच वाचतो, त्या पोर्टची नोंद करतो व पुढे तेवढ्याच पोर्टांवर मजकूर पाठवितो. थररचनेच्या शिस्तीत ही आगळीकच होय. दुसऱ्या थरावरील साधन तिसऱ्या थराचे पत्र उघडून पाहते. याविषयीचा मार्गदर्शक दस्तऐवज, ‘आरएफसी ४५४१’, मे २००६ मध्ये निघाला, आणि तोही केवळ माहितीपर. व्यवहार आधी रूढ झाला, लेखी मार्गदर्शन मागाहून आले.

या गाळणीचे एक दुबळेपण आहे. राऊटर साधारणतः दर १२५ सेकंदांनी सभासदांची विचारणा करतो. विचारणारा कोणीच नसेल, तर सुमारे २६० सेकंदांत नोंदी पुसल्या जातात आणि हक्काचा सभासदही वंचित राहू शकतो.

वंचित राहण्याची किंमत किती असू शकते, हे मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराच्या कोलोकेशन प्रकरणात दिसून आले. तेथे भावांचा क्षणाक्षणाचा तपशील टीसीपी जोडणीने, एकामागून एक अशा क्रमाने दिला जात असे. आधी जोडला गेलेल्या दलालास तो आधी मिळे. शेअर बाजाराने योग्य दक्षता घेतली नाही, असा निष्कर्ष काढून सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ही वसुली रद्द केली, मात्र दक्षतेतील उणिवेपोटी १०० कोटी रुपये भरावयास सांगितले. तत्पूर्वीच, २०१४ पासून, शेअर बाजाराने मल्टिकास्ट पद्धतीचा अवलंब सुरू केला होता. या पद्धतीत सर्व्हर एकच प्रत सोडतो. सभासदांच्या पोर्टांसाठी तिच्या प्रती काढण्याचे काम वाटेतील स्विचकडे येते.