अभ्रिका सिद्धांत : मोडीत निघालेला आणि परतलेला

सूर्य आणि त्याचे ग्रह एकाच फिरत्या मेघातून जन्मले, ही कल्पना अठराव्या शतकातली. इमॅन्युएल कांट याने १७५५ साली प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे लिहिलेल्या पुस्तकात ती मांडली. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते आणि प्रकाशकाचे दिवाळे निघाल्यामुळे ते फारसे कुणाच्या हाती पडलेही नाही. पुढे १७९६ मध्ये फ्रेंच गणिती प्येर-सिमाँ लाप्लास याने स्वतंत्रपणे याच अंगाने विचार केला. तेव्हा माहीत असलेले सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. त्यांच्या कक्षाही बव्हंशी वर्तुळाकार आहेत. इतक्या गोष्टी निव्वळ योगायोगाने जुळून येत नाहीत, हा त्याचा मुद्दा होता. त्याच्या मते सूर्याचे तप्त वातावरण एकेकाळी ग्रहांच्या कक्षांपलीकडे पसरलेले होते. ते निवत आणि आकसत गेले, तसा त्याचा फिरण्याचा वेग वाढला आणि वायूची एकेक कडी मागे सुटत गेली. प्रत्येक कड्यातून एक ग्रह झाला. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक खगोलविदांनी हा अभ्रिका (म्हणजे मेघ) सिद्धांत मान्य केला.

तो अडला हिशेबावर. सूर्यमालेतील ९९.८ टक्क्यांहून अधिक द्रव्य एकट्या सूर्यात आहे, पण फिरण्याचा साठा, म्हणजे कोनीय संवेग, त्याच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. सुमारे ६० टक्के संवेग एकट्या गुरूकडे आहे. मेघ आकसून सूर्य झाला असेल, तर सूर्याने काही तासांत एक फेरी पूर्ण करायला हवी. प्रत्यक्षात त्याला विषुववृत्तावर जवळपास २५ दिवस लागतात. आक्षेप बिनतोड होता आणि त्यावर तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हते.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ दुसरीकडे वळले. अमेरिकेतील चेंबरलिन आणि मोल्टन यांनी, आणि नंतर इंग्लंडमध्ये जेम्स जीन्स यांनी, एखादा तारा सूर्याजवळून गेला आणि त्याच्या ओढीने सूर्यातले द्रव्य बाहेर आले, असे मांडले. या मताचा परिणाम मोठा होता. तारे एकमेकांपासून इतके दूर आहेत की अशी गाठ जवळजवळ पडतच नाही. मग ग्रहमालाही विश्वात क्वचितच असणार. एक संपूर्ण पिढी हे धरून चालली. १९३९ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी दाखवून दिले की सूर्यातून ओढलेला इतका तप्त वायू गोळा होण्याऐवजी अवकाशात विखरून जाईल. ताऱ्यांच्या गाठीचा सिद्धांत त्यातून सावरला नाही.

जुन्या कल्पनेला नवा आधार मॉस्कोत मिळाला. व्हिक्टर सफ्रोनोव यांनी वायू आणि धुळीच्या तबकडीत कणांपासून ग्रह कसे वाढतील, याचे गणित वर्षानुवर्षे चिकाटीने केले. त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये रशियनमध्ये निघाले. १९७२ मध्ये इंग्रजी भाषांतर झाल्यावर पश्चिमेकडील अभ्यासकांनी ते उचलून धरले. आजचे ग्रहनिर्मितीचे शास्त्र लाप्लासपेक्षा सफ्रोनोव यांचे अधिक ऋणी आहे. कोनीय संवेगाचे कोडेही सुटत गेले: तरुण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र आणि त्याच्यापासून वाहणारा वारा त्याची गिरकी हळूहळू मंद करतात.

पुरावा मात्र आकाशातून पडला. ८ फेब्रुवारी १९६९ च्या मध्यरात्रीनंतर मेक्सिकोतील चिवावा राज्यात, अयेंदे गावाच्या परिसरात, एक अशनी फुटून विखुरली. दोन टनांहून अधिक तुकडे गोळा झाले. चंद्रावरून येणार असलेल्या खडकांसाठी प्रयोगशाळा तेव्हा सज्जच होत्या, त्यामुळे तपासणी लगेच सुरू झाली. या दगडाचा तुकडा वरून काळपट, जळक्या कवचाचा असतो. कापला की आत करड्या रंगावर वाटोळे बारीक दाणे आणि वेड्यावाकड्या आकाराचे पांढुरके ठिपके दिसतात. हे ठिपके कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांचे आहेत; मेघ निवताना सगळ्यात आधी घनरूप होणारी ती हीच. अशा ठिपक्यांचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून ४५६ कोटी ७० लाख वर्षांच्या आसपास निघते. सूर्यमालेचे वय म्हणून हाच आकडा धरला जातो.

तबकडीत पुढे काय घडले, याचा क्रम आता बराच स्पष्ट आहे. धुळीचे कण आधी कोपऱ्यात साचणाऱ्या केराच्या पुंजक्यांसारखे एकमेकांना चिकटले. मीटरभर आकाराचे पिंड वायूच्या रोधामुळे सूर्याकडे ओढले जातात, म्हणून ही पायरी सर्वांत अवघड. खड्यांचे थवे स्वतःच्याच गुरुत्वाने एकदम कोसळून मोठे पिंड झाले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. किलोमीटरभर आकारापुढे गुरुत्वाकर्षणाने काम हाती घेतले. सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त खडक आणि धातू टिकले, म्हणून बुध ते मंगळ हे ग्रह लहान राहिले. हिमरेषेपलीकडे, म्हणजे पाणी गोठेल इतक्या अंतरावर, बर्फही हाताशी होता. तिथे मोठे गाभे लवकर तयार झाले आणि काही दशलक्ष वर्षांत तबकडीतला वायू नाहीसा होण्याआधी गुरू व शनीने तो ओढून घेतला. पृथ्वीला मात्र कोट्यवधी वर्षे लागली, आणि तिच्यावरील शेवटच्या मोठ्या आघातांपैकी एकातून चंद्र झाला, असे मानले जाते.

ग्रह जिथे जन्मतात तिथेच राहतात, ही समजूत १९९५ मध्ये गेली. ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाच्या आसपासचा एक ग्रह सव्वाचार दिवसांत फेरी मारताना आढळला. ताऱ्याच्या इतक्या निकट तो घडलेला असणे कठीण. तो दूरवर घडून आत सरकला असावा. आपल्या सूर्यमालेतील मोठे ग्रहही पूर्वी जागा बदलून बसले असावेत, हे मत त्यानंतर रुजले.

चिलीतील आल्मा दुर्बिणींनी २०१४ मध्ये एचएल टॉरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या कोवळ्या ताऱ्याभोवतीची तबकडी टिपली. तिच्यात एकाआड एक उजळ कडी आणि काळ्या फटी दिसतात. त्यानंतर २०१८ मध्ये, चिलीतल्याच दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने, पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतील मोकळ्या जागेत अजून घडत असलेल्या ग्रहाचे छायाचित्र घेतले. तो ग्रह गुरूहून मोठा असून अजूनही भोवतालचा वायू गोळा करतो आहे.