मेलबर्नचे चार गोल

पुण्यातल्या एका उद्योगसमूहाच्या मालकीचा इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लब आहे, हे आमच्या बावधनमध्ये किती जणांना ठाऊक असेल? कोंबड्या आणि अंड्यांच्या व्यवसायातल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. हा लहानसहान क्लब नव्हे. १९९४-९५ च्या हंगामात तो प्रीमियर लीगचा विजेता होता. पुण्याच्या मालकीत आल्यावर मात्र २०१२ मध्ये तो वरच्या लीगमधून खाली घसरला, २०१७ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा एक पायरी वर चढला. संध्याकाळी बावधनच्या टर्फवर दिव्यांच्या झगमगाटात खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर रोनाल्डो असतो, मेस्सी असतो, हालांड असतो. ब्लॅकबर्नचा टी-शर्ट घातलेला एकही पोरगा मी आजवर पाहिलेला नाही.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव २०१९ मध्ये याच ब्लॅकबर्नमध्ये काही महिने सरावाला गेला होता. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मुलांनी विचारलं, "सर, मग तो तिथंच का नाही राहिला?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधताना इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीतल्या स्ट्रायकरचं आयुष्य कसं असतं, तिथपर्यंत जावं लागतं. मी तिथवर गेलो आणि तिथून पुन्हा मुंबईत आलो. त्या प्रवासात जो माणूस भेटला, त्याच्याविषयी हा लेख आहे.

इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं आणि १८८८ साली लीग सुरू झाली. आज वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत, आणि त्यांच्याखाली आणखी पायऱ्याच पायऱ्या. या उतरंडीच्या तळाशी खेळणारा स्ट्रायकर म्हणजे आठवड्याच्या पगारावर जगणारा कामगारच. आज या गावात, दोन वर्षांनी त्या गावात. जेमी वार्डी आठव्या श्रेणीत खेळत होता तेव्हा आठवड्याला तीस पौंड मिळायचे आणि दिवसा तो कारखान्यात काम करायचा. २०१६ साली तोच लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. पण असा वार्डी हजारांत एखादा. बाकीचे तिथंच खेळतात आणि तिथंच थांबतात.

आपल्या देशातला एक माणूस ही पायरी प्रत्यक्ष चढून आला आहे. सिक्कीमचा बायचुंग भुतिया. १९९९ मध्ये तो बरी नावाच्या, तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला आणि २००२ पर्यंत राहिला. दुखापती झाल्या, क्लबच्या पैशांचे वांधे झाले. हिशोब झाला ३७ लीग सामने आणि ३ गोल. पुढे २०१९ मध्ये तो क्लबही लीगमधून काढून टाकला गेला. आकडा फार मोठा नाही, पण मला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा आकडा *आहे*. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत पन्नास वर्षांपूर्वी खेळलेल्या एखाद्या स्ट्रायकरचे सामने किती आणि गोल किती, हे कुणालाही सहज सांगता येतं. आपल्याकडे ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत बसलेल्या सेंटर फॉरवर्डचं नाव क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत घ्या. समोरचा विचारतो, "कोण नेविल?"

नेविल डिसोझा. जन्म १९३२, गोव्यातल्या बार्देशमधलं आसगाव. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिला. म्हणजे १९५६ मध्ये भारताचा शर्ट घालून खेळणाऱ्या या माणसाचं मूळ गाव तेव्हा भारतात नव्हतं! पोटासाठी गोवेकर पिढ्यानपिढ्या मुंबईला येत होते. जहाजांवर, हॉटेलांत, बँडमध्ये, कचेऱ्यांत कामं करत होते. धोबी तलावच्या आसपास त्यांच्या 'कूड' होत्या. कूड म्हणजे एकेका गावाच्या नावाने चालणारी सामायिक खोली. तिथं ट्रंक ठेवायची, झोपायचं, संध्याकाळी प्रार्थना करायची. कोकणातल्या आपल्या मुस्लिम गावांच्या ज्या जमातींच्या खोल्या मुंबईत होत्या, त्यांची ही सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. माझे मामू अशाच एका खोलीत सात वर्षं राहिले. त्यांच्या तोंडून मी कूपरेजचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

कूपरेज म्हणजे मुंबईच्या फुटबॉलचं घर. हारवुड लीग, नाडकर्णी करंडक, आणि सगळ्यांत मोठा रोव्हर्स करंडक. रोव्हर्स १८९१ मध्ये सुरू झाला आणि चाळीसपेक्षा जास्त वर्षं गोऱ्या पलटणींनी तो दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. १९३७ मध्ये बेंगळुरू मुस्लिम्स या संघाने तो पहिल्यांदा भारतीयांच्या हातात आणला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने जिंकला. मामू सांगायचे की मोहम्मेडनचा सामना असला की भेंडी बाजार रिकामा व्हायचा. भेंडी बाजार रिकामा होतो यावर माझा विश्वास नाही, पण मामूंचा होता.

मुंबईत खेळाडूला पोसायचं काम कंपन्या करत. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, पुढे मफतलाल, महिंद्रा. खेळाडू कागदावर कारकून असायचा. सकाळी सही, दुपारनंतर मैदान, महिनाअखेर पगार. इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतल्या खेळाडूला खेळाचे पैसे मिळत, आपल्याला नोकरीचे. फरक एवढाच वाटतो, पण तो फार खोल आहे. नोकरी सुरक्षित असायची, म्हणून घरचे खेळायला परवानगी द्यायचे. पण वर चढायला पायऱ्याच नव्हत्या. उत्तम खेळलात तर पुढच्या वर्षी काय? हीच नोकरी, हाच रोव्हर्स. नेविल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, मग कॅल्टेक्सकडून. १९५४ मध्ये मुंबईने पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला, ते त्याच्या उमेदीचे दिवस. चोवीस वर्षांचा झाला तेव्हा तो मेलबर्नला निघालेल्या भारतीय संघात होता.

या संघाचे उस्ताद होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये 'मैदान' हा चित्रपट आल्यापासून त्यांचं नाव पोरांनाही माहीत झालं आहे. चित्रपट १९६२ च्या जकार्ताच्या सुवर्णपदकाकडे धावतो, ते ठीकच. मला मात्र रहीम साहेब वेगळ्याच कारणाने जवळचे वाटतात. ते पेशाने शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुड्याच्या शाळेत, उर्दू शरीफ शाळेत, दारुल उलूम हायस्कुलात, चादरघाट हायस्कुलात शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. त्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स करंडक मुंबईतून उचलून नेला. त्यांच्या सरावाच्या पद्धतीही मास्तरकीच्या. ज्याचा उजवा पाय चांगला त्याने फक्त डाव्याने खेळायचं, अशा स्पर्धा. चेंडू पायात घोळवायचा नाही, एका स्पर्शात पुढे द्यायचा, अशा स्पर्धा. बी.एड.च्या वर्गात आम्हाला 'कच्च्या बाजूवर काम करा' हे दोन तास समजावलं होतं. रहीम साहेबांनी ते एका नियमात बसवलं.

आता मेलबर्नचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत बहुतेक अनवाणी खेळला आणि फ्रान्सकडून १-२ असा हरला. लोकांनी कौतुक केलं. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुऊन काढलं. अनवाणी पायांचं कौतुक तिथं संपलं. आपले खेळाडू बूट घालू लागले.

१९५६ च्या स्पर्धेत फक्त ११ संघ होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताची पहिली फेरी न खेळताच पार पडली. १ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेविलचा गोल. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेविल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेविलने तिसरा मारला. ऐंशीव्याला किट्टूने चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई म्हणून नेविलचं नाव घेतलं जातं.

विजय नशिबाचा होता असं कुणाला वाटलं असेल, तर पुढे १२ डिसेंबरला सिडनीत हे दोन संघ मैत्रीपूर्ण सामन्यात पुन्हा भेटले. भारताने ७-१ असा विजय मिळवला.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, पुन्हा युगोस्लाव्हियाशी. हेलसिंकीचे ते दहा गोल कुणी विसरलं नव्हतं. मध्यंतरापर्यंत ०-०. बावन्नाव्या मिनिटाला नेविलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यापासून भारत अडतीस मिनिटांवर होता. मी या दोन मिनिटांवर नेहमी थांबतो, कारण ती दोनच होती. चौपन्नाव्या मिनिटाला पापेकने बरोबरी केली. सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच, पासष्टाव्याला पुन्हा पापेक, आणि अठ्ठ्याहत्तराव्याला चेंडू आपल्याच बचावपटूकडून आपल्याच जाळ्यात गेला. १-४. तीन दिवसांनी कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याच्या वर आपण कधी गेलो नाही, आणि १९६० च्या रोमनंतर तर पात्रही ठरलो नाही.

आमच्या एका व्हॉट्सॲप गटात दर १५ ऑगस्टला एक यादी फिरते. १९५६ च्या फुटबॉल संघातले मुसलमान खेळाडू. रहीम साहेब, अझीझुद्दीन, लतीफ, रहमान, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, सलाम, झुल्फिकार. नावं खरी आहेत आणि ही माणसं विसरली जाऊ नयेत, हेही खरं. आपल्या योगदानावर सतत बोट ठेवून प्रश्न विचारले जातात तेव्हा अशी यादी खिशात ठेवावीशी वाटते, ते मी समजू शकतो. पण त्या यादीत नेविल नसतो. गोव्यातले लोक नेविलची आठवण काढतात तेव्हा आसगाव असतं, रहीम नसतात. कोलकात्यात कर्णधार बद्रू बॅनर्जी आणि पी. के. बॅनर्जी असतात. आणि मराठीत? मराठीत जवळजवळ काहीच नसतं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. कारण नेविल खेळाडू झाला तो कूपरेजवर. त्याच संघाचा गोलरक्षक एस. एस. नारायण हाही माटुंग्यात वाढलेला, २०२१ मध्ये ठाण्यात वारला. आमच्या पाठ्यपुस्तकांत १९५२ चे खाशाबा जाधव आहेत, असायलाच हवेत. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या एका कारकुनाने मेलबर्नमध्ये काय केलं, ते मात्र नाही. सलामने अडवायचं, नूरने चेंडू पुढे द्यायचा, पी. के.ने बाजूने पळायचं आणि नेविलने मारायचं. ज्याने त्याने आपापल्या समाजाचा तुकडा कापून नेला, तर गोल कुणाच्याच हातात राहत नाही.

मेलबर्ननंतर नेविल पुन्हा मुंबईच्या मैदानावर आला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला, तो त्या संघात होता. १९६० च्या रोमच्या संघात तो नव्हता. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. पी. के., बलराम, चुनी गोस्वामी यांना एकापाठोपाठ एक मिळाले. नेविलला कधीच मिळाला नाही. रहीम साहेब १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. कॅल्टेक्स कंपनी १९७० च्या दशकात सरकारने ताब्यात घेऊन हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन केली, आणि रोव्हर्स करंडकही नव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. नेविल १९८० मध्ये वारला. पन्नाशीही गाठली नव्हती.

मेलबर्नमध्ये सर्वाधिक गोल करणारे तिघे होते, प्रत्येकी चार गोल. बल्गेरियाचा दिमितार मिलानोव, युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच आणि मुंबईचा नेविल डिसोझा. यांतला वेसेलिनोविच १९५८ च्या विश्वचषकात खेळला, इटलीत आणि हॉलंडमध्ये खेळला, नंतर प्रशिक्षक झाला आणि इस्तंबूलच्या फेनेरबाहचेला दोनदा तुर्कस्तानचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याने कोणत्या क्लबकडून कोणत्या वर्षी किती गोल केले, ते सगळं लिहिलेलं आहे. नेविलने हारवुड लीगमध्ये किती गोल केले ते मी शोधतोय. कुणाच्या घरी त्या काळातली मुंबईच्या वर्तमानपत्रांची कात्रणं असतील, जुन्या ट्रंकेत, कुराणशरीफच्या गिलाफाखाली किंवा देव्हाऱ्यामागे, तर कळवा. मी शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, कुठंही यायला तयार आहे.