दाबोळी ते मोपा: पक्षी, विमान आणि हातातले काही सेकंद

16 नोव्हेंबर 2019. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून नौदलाचे मिग-29के जातीचे विमान सरावासाठी उडाले आणि लगेचच पक्ष्यांच्या थव्यात सापडले. डावे इंजिन बंद पडले, उजव्याने पेट घेतला. उंची बेताचीच होती. ठरलेले सगळे उपाय करूनही विमान सावरेना, तेव्हा कॅप्टन एम. शेओखंड आणि लेफ्टनंट कमांडर दीपक यादव यांनी विमानाचे नाक वस्तीपासून दूर वळवले आणि दोघेही आसनासकट बाहेर झेपावले. विमान वेर्ण्याच्या खडकाळ सड्यावर कोसळले. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला अशी बाहेर पडण्याची सोय नसते. पाठीमागे दीड-दोनशे माणसे बसलेली असतात, त्यामुळे पक्षी आदळल्यावर काय करायचे याचा पाठ त्याला आधीच गिरवून ठेवावा लागतो. तो पाठ तयार व्हायला शंभर वर्षे लागली.

सुरुवात गमतीशीर होती. 7 सप्टेंबर 1905 रोजी अमेरिकेत डेटनजवळ ऑर्व्हिल राइट मक्याच्या शेतावरून घिरट्या घालत असताना त्याने पक्ष्यांच्या थव्याचा पाठलाग केला. एक पक्षी मरून वरच्या पंखावर पडला आणि जोराचे वळण घेतल्यावर खाली घसरला. राइट बंधूंच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. पुढे 3 एप्रिल 1912 रोजी कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स मरण पावला. आदल्याच वर्षी त्याने विमानाने अमेरिका आडवी पार केली होती. समुद्रपक्षी विमानाच्या नियंत्रण तारांत अडकल्याने तो कोसळला, असे मानले जाते.

तरीही पिस्टन इंजिनांच्या काळात हा धोका किरकोळच समजला जाई. ती समजूत मोडली 4 ऑक्टोबर 1960 रोजी. बोस्टनहून उडालेले ईस्टर्न एअरलाइन्सचे इलेक्ट्रा विमान स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात शिरले आणि बंदरात कोसळले; 62 जण गेले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, ओंजळीत मावणारा पक्षी. अवशेषांतली पिसे स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबोर्न यांच्याकडे गेली. त्यांनी पिसांवरून पक्ष्याची जात ओळखली आणि त्यातून तपासाची एक नवी शाखाच उभी राहिली. इंजिनाने किती पक्षी गिळूनही चालत राहावे, याचे निकष या अपघातानंतर आले. समोरच्या काचेवर सुमारे 1.8 किलोचा पक्षी आदळला तरी ती फुटून आत येऊ नये, अशी अटही प्रवासी विमानांना आहे.

यंत्र मजबूत झाले, पण निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. धावपट्टीवर वेग वाढत असताना 'व्ही-वन' नावाचा एक टप्पा येतो. त्याआधी इंजिनाला गंभीर इजा झाली, तर विमान थांबवायचे. तो ओलांडल्यावर उरलेल्या पट्टीत थांबणे शक्य नसते. तेव्हा एका इंजिनावर का होईना, उडायचेच. उडाल्यावरही घाईने कुठल्याही कळीला हात लावायचा नाही. आधी विमान स्थिर करायचे, पुरेशी उंची गाठायची. मग पंख्याचा वेग, तापमान आणि थरथर पाहून दोघांनी मिळून ठरवायचे की बिघडलेले इंजिन नेमके कोणते. गडबडीत चांगलेच इंजिन बंद केल्याची उदाहरणे विमानोड्डाणाच्या इतिहासात आहेत. उतरताना, जमीन अगदी जवळ असताना थवा समोर आला, तर बहुतेक वेळा त्यातूनच उतरणे बरे. पक्षी शिरलेल्या इंजिनाला अचानक पूर्ण जोर द्यायला सांगणे अधिक धोक्याचे ठरते.

19 जून 2022 रोजी पाटण्यात हे सगळे दिसले. दिल्लीला निघालेले स्पाइसजेटचे बोइंग उडत असतानाच डाव्या इंजिनावर पक्षी आदळल्याची शंका कॅप्टन मोनिका खन्ना आणि सहवैमानिक बलप्रीत सिंग भाटिया यांना आली. समोरच्या तबकड्यांवर काही वावगे दिसेना, म्हणून विमान वर जात राहिले. ठिणग्या दिसल्या त्या मागे, केबिन कर्मचाऱ्यांना. त्यांनी कॉकपिटला कळवले, इंजिन बंद झाले, आणि पाटण्याच्या आखूड धावपट्टीवर 185 प्रवासी सुखरूप परतले.

आणीबाणीत वाचून पाळायची कामांची यादी मात्र प्रत्येक वेळी पुरी पडत नाही. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कवर रानहंसांनी एअरबसची दोन्ही इंजिने निकामी केली. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वाचायची यादी खूप उंचीवरच्या प्रसंगासाठी लिहिलेली होती. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स ती पूर्ण करू शकले नाहीत. कॅप्टन सलेनबर्गर यांनी यादीची वाट न पाहता शेपटातले सहायक इंजिन सुरू केले आणि विमान हडसन नदीत उतरवले. सर्व 155 जण वाचले.

भारतात या इतिहासाचा मोठा भाग जमिनीवर घडला. 1980च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विमानतळांभोवतीच्या पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हा वैमानिकांना सर्वांत जास्त धास्ती गिधाडांची होती. ती येत उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या जनावरांसाठी. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे जवळजवळ संपली. 2006मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. कचरा होता तिथेच राहिला आणि विमानांच्या वाटेवर घारी उरल्या.

1937च्या विमान नियमांतला 91वा नियम त्यासाठीच आहे. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत जनावर कापणे, सोलणे, कचरा किंवा मासळी-मांसाची घाण टाकणे त्याने मना केले आहे. 5 जानेवारी 2023 रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि पेडणे तालुक्याचा बराच भाग या वर्तुळात आला. उत्तरेला हेच वर्तुळ सीमा ओलांडून सिंधुदुर्गात शिरते. पावसात मोपाच्या सड्यावर पाणी साचते, किडे-बेडूक वाढतात, उघड्या जमिनीवर टिटव्या अंडी घालतात. खाली कोरगावच्या खाजन शेतांत बगळे उतरतात. भाताच्या शेतातला बगळा कोणी हटवू शकत नाही आणि तसे करण्याचे कारणही नाही. बाजारातली मासळीची घाण आणि रस्त्याकडेचे मेलेले जनावर मात्र पंचायतीच्या हातातली गोष्ट आहे.

विमानतळाच्या कुंपणाआत गवत ठरावीक उंचीवर राखले जाते, गटारे मोकळी ठेवली जातात, गाडीतून फिरणारे कर्मचारी आवाज करून पक्षी उडवतात. तरीही एखादा आदळलाच, तर वैमानिक नियंत्रण मनोऱ्याला कळवतो, पट्टीवर पिसे किंवा धातूचे तुकडे पडलेत का ते पाहिले जाते, आणि अभियंते इंजिनाची पाती एकेक करून तपासतात. त्यांची सही होईपर्यंत ते विमान पुढच्या फेरीला निघत नाही.