सर्टिफिकेटची किंमत कोण ठरवतो? गिरणीच्या जॉबरपासून आयटी कंपनीच्या रेफरलपर्यंत

आयटी क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या आमच्या मुलामुलींना आज दोन प्रकारचे सल्ले मिळतात. क्लासवाले सांगतात, "हे एक सर्टिफिकेट करा, प्लेसमेंट पक्की." कंपनीत आधीच स्थिरावलेली मंडळी सांगतात, "सर्टिफिकेटला कोणी विचारत नाही, स्किल पाहिजे." पहिला सल्ला देणाऱ्याला फी हवी असते, त्यामुळे त्यातला खोटेपणा लवकर उघडा पडतो. दुसरा सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो जास्त फसवतो. तो देणाऱ्याच्या घरात, सोसायटीत, कॉलेजच्या ग्रुपमध्ये कोणीतरी आधीच कंपनीत असते आणि त्याचा बायोडेटा त्या माणसाच्या हातून एचआरपर्यंत जातो. ज्याची ओळख आहे त्याला कागद लागत नाही. ज्याच्या घराण्यात आजवर कोणी ऑफिसची पायरी चढलेले नाही, त्याने आपले स्किल दाखवायचे कोणाला आणि कोणत्या दारातून?

आमचे म्हणणे असे, की सर्टिफिकेटची किंमत कागदावर छापलेली नसते. तो कागद मानायला समोरचा माणूस किती बांधील आहे, यावर ती ठरते. हे समजून घ्यायचे तर संगणकाच्याही आधी, मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरुवात करावी लागेल.

गिरणीत कामगार भरण्याचे काम जॉबर करीत असे. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आणून उभा करी. लेखी परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. काम शिकायचे ते खात्यात शिरल्यावरच. आणि खात्यात शिरायलाच मनाई असेल तर? विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे: धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागते, मग अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार? म्हणून आमच्या आजे-पणज्यांच्या वाट्याला रिंग खात्यासारखी कमी पगाराची खाती आली. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा, ही ती मागणी. त्या कामगारांना विणता येत नव्हते असे कोणी सिद्ध केले नव्हते. त्यांना विणून दाखवायची संधीच दिली गेली नव्हती. 'स्किल असेल तर कोणी अडवत नाही' हे वाक्य ऐकले की हा धोटा आठवावा.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने, रेल्वेचे कारखाने अशा ठिकाणी उमेदवारीच्या जागाही मागितल्या. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आणि आयटीआय आले.

या क्रमाकडे नीट पाहा. शिक्षणाचा खर्च, शिकण्याची जागा आणि शिकून आल्यावर नोकरीतला वाटा, या तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकत्र मागितल्या. म्हणून त्या पिढीच्या हातातल्या कागदाला वजन आले. रेल्वेत, पोस्टात, आयुधनिर्माणीत आयटीआयचा दाखला घेऊन गेलेल्या तरुणाला तिथला साहेब मनातून कितीही नाके मुरडत असला, तरी दाखला मानावाच लागे. कागदाच्या मागे कायदा उभा होता.

संगणकाच्या सर्टिफिकेटचा जन्म मात्र वेगळ्या पोटातून झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉव्हेल कंपनीने आपली नेटवेअर प्रणाली सांभाळू शकणाऱ्यांना 'सीएनई' हा किताब द्यायला सुरुवात केली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली प्रमाणपत्रे आणली. १९९३ मध्ये सिस्कोची सीसीआयई आणि कॉम्पटियाची ए प्लस आली. १९९८ मध्ये सीसीएनए, १९९९ मध्ये रेड हॅटची आरएचसीई. कॉम्पटिया ही संघटना सोडली तर बाकी सगळ्या माल विकणाऱ्या कंपन्या. यंत्र चालवणारी माणसे बाजारात जितकी जास्त, तितका यंत्राचा खप जास्त. म्हणजे या परीक्षांचा पहिला हेतू कंपनीचा धंदा हा होता, कोणाला नोकरी मिळवून देणे हा नव्हता. यात लपवण्यासारखे काही नाही आणि रागावण्यासारखेही नाही, पण माहीत असायला हवे.

भारतात एनआयआयटी १९८१ मध्ये आणि ॲपटेक १९८६ मध्ये सुरू झाली. सरकारी बाजूने १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, १९९० मध्ये डोएकची ओ, ए, बी, सी अशी चार पातळ्यांची परीक्षा आली. आणि १९९१ मध्ये उदारीकरण आले. नेमका हाच तो वळणाचा काळ. नव्या नोकऱ्या सरकारी खात्यांतून खाजगी कंपन्यांकडे वळल्या. घटनेचे कलम १६(४) राज्याच्या सेवांना लागू आहे, कंपनीच्या एचआर विभागाला नाही. आमची पहिली शिकलेली पिढी ज्या दारातून आत आली ते दार अरुंद होत गेले, आणि शेजारी जे मोठे नवे दार उघडले त्यावर जुना जॉबर नव्या नावाने बसला. त्याला आज 'एम्प्लॉयी रेफरल' म्हणतात.

या नव्या बाजारात सर्टिफिकेटचे काय झाले? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची इतकी चलती झाली की प्रश्नोत्तरे पाठ करून पास होणाऱ्यांची रांग लागली. परीक्षा पास, पण समोर सर्व्हर ठेवला तर हात चालत नाही. अशांना अमेरिकेत 'पेपर एमसीएसई' असे टोपणनावच पडले. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर सगळ्यात आधी उघडे पडले ते हेच. नेटवेअर बाजारातून मागे पडले तसे सीएनईचे मोल गेले. एमसीएसईच्या परीक्षा मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी स्वतःच बंद केल्या. सीसीएनएची मुदत ३ वर्षांची, नंतर पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. उलट रेड हॅटच्या परीक्षेत उमेदवाराला चालू यंत्रावर काम करून दाखवावे लागते, पर्याय निवडून चालत नाही. म्हणून तिचा मान टिकला. ज्या परीक्षेत पाठांतर चालते तिची किंमत पाठांतराइतकीच राहते.

इथे कोणी म्हणेल, मग सर्टिफिकेट कुचकामीच ना? तसे नाही. दोन अभ्यास इथे डोळ्यांसमोर ठेवू.

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश भरले, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. म्हणजे आडनाव अजूनही अर्जाच्या आधी वाचले जाते.

दुसरा अभ्यास अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांचा, २००९ चा. दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले गेले. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत ओबीसी नावांच्या बाबतीत आणि काही प्रमाणात अनुसूचित जातींच्या नावांच्या बाबतीतही फरक दिसला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत मात्र बोलावणे येण्याच्या टप्प्यावर सवर्णेतर उमेदवारांशी भेदभाव झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

काही मंडळी हा दुसरा अभ्यास दाखवून म्हणतात, पाहा, आयटीत जात नाही! आम्ही तो वेगळा वाचतो. सॉफ्टवेअरच्या अर्जात कोणती भाषा येते, कोणते तंत्र येते हे कागदावर मांडता येते. कॉल सेंटरमध्ये बोलण्याची ढब, 'पर्सनॅलिटी' पाहिली जाते. जिथे मोजमाप स्पष्ट तिथे आडनावाला शिरायला जागा कमी, जिथे मोजमाप धूसर तिथे जास्त. आमच्या मुलांसाठी चांगल्या सर्टिफिकेटचा उपयोग नेमका हा आहे. ज्याच्याकडे शिफारस करणारा काका नाही, त्याच्यासाठी ती शिफारस आहे.

पण ही शिफारस फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचवते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर आधारित लेख लिहिला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे हे व्यवस्थापक सांगतात आणि त्याच वेळी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारण्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. वडील काय करतात, कुठे वाढलात, हे प्रश्न कुठल्या सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात आहेत?

आणि आत गेल्यावरही सुटका नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर खटला भरला. आयआयटीत शिकलेल्या एका दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा राज्याने मागे घेतला, कंपनीवरचा चालू राहिला. न्यायालयात काय ठरायचे ते ठरो. आमचा मुद्दा एवढाच, की ज्या कंपनीच्या सीसीएनए आणि सीसीआयईसाठी जगभर मुले रात्री जागवतात, तिच्याच कार्यालयाबद्दल हा प्रश्न उभा राहिला. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नव्हती आणि कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत होते. कागदाने जात पुसली जात असती तर ती तेव्हाच पुसली गेली असती.

मग करायचे काय? आधी आमच्या मुलामुलींसाठी. नेटवर्किंगमध्ये जायचे असेल तर सीसीएनए, लिनक्स सांभाळायचे असेल तर रेड हॅटची पहिली परीक्षा, क्लाउडमध्ये जायचे असेल तर त्या त्या कंपनीची सहायक पातळीची परीक्षा, यांना पहिल्या नोकरीत वजन आहे. प्रोग्रामिंगच्या कामात सर्टिफिकेटपेक्षा स्वतः लिहिलेला आणि दाखवता येणारा कोड जास्त बोलतो. एकच परीक्षा निवडा, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट हाताने करून पाहा. पाच कागद गोळा करू नका. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा फलक लावणाऱ्या क्लासला आईचे दागिने गहाण ठेवून पैसे देऊ नका. आणि हेही लक्षात ठेवा, की दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के, मध्ये एका वर्षाचाही खंड नको, अशी अट जिथे आहे तिथे सर्टिफिकेटही अडते. शेतमजुरी करून शिकलेल्या मुलाचे एक वर्ष वाया गेले म्हणजे त्याची बुद्धी वाया गेली, असे मानणारी ती चाळणी आहे.

दुसरे, शासनासाठी. एमएस-सीआयटीला महाराष्ट्रात किंमत का आली? लिपिकासारख्या पदांना शासनाने संगणक अर्हता सक्तीची केली म्हणून. शासनाने ठरवले तर कागदाला वजन येते, याचा पुरावा घरातच आहे. सीसीएनएची फी ३०० डॉलर, ॲमेझॉनच्या क्लाउडच्या सहायक पातळीची १५० डॉलर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची फी भरते, या परीक्षांची नाही. सफाई कामगाराच्या घरात ही रक्कम म्हणजे महिन्याचा किराणा आणि वर खोलीचे भाडे. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी तंत्रशिक्षणाचा खर्च सरकारकडे मागितला होता. आजची तंत्रशिक्षणाची परीक्षा ही आहे, तिची फी शासनाने भरावी आणि निवडक परीक्षांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात प्रत्यक्ष सरावाची प्रयोगशाळा द्यावी.

तिसरे, कंपन्यांसाठी. सरकारी जमीन, करसवलती आणि सरकारी कंत्राटे घेताना सरकार चालते, मग नोकरभरतीचा हिशेब द्यायला का नको? किती जागा रेफरलने भरल्या, किती खुल्या परीक्षेने, आणि कोणत्या समाजातले किती लोक कोणत्या पदावर आहेत, हे दरवर्षी जाहीर करा. खाजगी क्षेत्रातील प्रतिनिधित्वाची लढाई याच आकड्यांपासून सुरू होईल.

आमच्या मुलांनी परीक्षा द्यावी, जिद्दीने द्यावी. पण परीक्षा देणाऱ्या मुलामागे समाजाने उभे राहिले पाहिजे, नाहीतर तो एकटा कागद घेऊन जॉबरच्या दारात उभा राहील. विणकाम खात्याचे दार विणता येते म्हणून उघडले नव्हते, त्यासाठी मागणी करावी लागली होती.

जयभीम!