बर्फातला ताड

नेदरलँड्समधल्या पहिल्या हिवाळ्यात द हेगच्या एका घरापुढे बर्फाची टोपी घातलेला माड दिसला. सायकल थांबवून फोटो काढला आणि रत्नागिरीला आईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "माड कसला? पानं बघ, पंख्यासारखी. ताडाच्या जातीतलं काहीतरी आहे." माझं एमबीए इथे कामी आलं नाही.

आईचं बरोबर होतं. हे झाड मूळचं चीनकडचं, जपानात फार पूर्वीपासून लावलेलं. चिनी शेतकरी त्याच्या काथ्याचे पावसाळी डगले करत. आपलं इरलं आठवा. साधारण उणे 15 अंशांपर्यंत ते तगतं. पण फेब्रुवारी 2012 मध्ये लेलीस्टाडला उणे 22.9 नोंदले गेले होते. अशा रात्रींसाठी लोक त्याची पानं वर बांधून शेंडा कापडात गुंडाळतात, कारण ताडाला शेंडा एकच. तो कुजला की झाड गेलं.

शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. यातला रॉबर्ट फॉर्च्यून म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात नेणारा. त्याने 1849 मध्ये लंडनच्या क्यू बागेत हे ताड पाठवले. लायडनला मात्र बिया 1830 च्या सुमारासच आल्या होत्या, फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्डमुळे. नाव मिळालं फॉर्च्यूनला!

सीबोल्ड हा डचांच्या नोकरीतला जर्मन डॉक्टर. 1823 मध्ये तो नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर आला. ताकी या जपानी स्त्रीपासून त्याला 1827 मध्ये मुलगी झाली, इने. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले. ते परक्याला देणं गुन्हा होता. देणारा दरबारी खगोलशास्त्रज्ञ तुरुंगात मेला, सीबोल्डला 1829 मध्ये हद्दपार केलं. झाडं-बिया युरोपात पोचल्या. बायको-मुलगी मागे राहिली. इने तेव्हा दोन वर्षांची.

बाप परत गेला 1859 मध्ये. तोवर इने तिशी ओलांडून स्वतः डॉक्टरकी करत होती.

लायडनला रापेनबर्ग कालव्यावर 19 क्रमांकाचं घर सीबोल्डचं. आता तिथे संग्रहालय आहे. त्याच कालव्यावर पुढे वनस्पती उद्यान आहे, तिथे त्याने आणलेली काही झाडं अजून उभी आहेत. मुलांना घेऊन जा.

द हेगचा तो ताड अजून आहे. दर जानेवारीत आई व्हिडिओ कॉलवर आधी त्याची चौकशी करते, मग माझी.