आशियाई सिंह संवर्धनाचा निधी

आशियाई सिंह संवर्धनाचा निधी म्हणजे गुजरातमधील सौराष्ट्र प्रदेशात उरलेल्या सिंहांच्या व त्यांच्या अधिवासाच्या रक्षणासाठी केंद्र शासन, गुजरात शासन, वनपर्यटन आणि देणग्या यांतून उभा राहणारा पैसा होय. २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ भरली. जगात अन्यत्र कोठेही हा सिंह वन्य अवस्थेत आढळत नाही. यांपैकी निम्म्याहून अधिक सिंह आज अभयारण्यांच्या सीमेबाहेर, शेतांत, नदीकाठच्या झाडीत आणि गायरानांत राहतात. त्यामुळे निधी किती, या प्रश्नाइतकाच तो कोठे खर्च होतो, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी गीरच्या जंगलात अगदी थोडे सिंह शिल्लक होते. त्या काळी त्यांचे रक्षण जुनागढच्या नवाबांनी केले. शिकारीवरील निर्बंध हाच तेव्हाचा संवर्धनाचा मुख्य उपाय होता आणि त्याला फारसा खर्च येत नसे. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये गीर अभयारण्य घोषित झाले. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह आढळले. १९७२ पासून गुजरात शासनाने जंगलातील गुरांची संख्या कमी करण्यासाठी मालधारी या पशुपालक समाजाची शेकडो कुटुंबे त्यांच्या ‘नेस’ नावाच्या वस्त्यांतून बाहेर हलवली. १९७५ मध्ये अभयारण्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जंगल सावरले, हरणे व सांबर वाढले, सिंहही वाढले; मात्र या यशाची किंमत शासकीय तिजोरीइतकीच विस्थापित कुटुंबांनीही मोजली, हे जमाखर्चाच्या आकड्यांत दिसत नाही.

निधीचे स्रोत

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आशियाई सिंह संवर्धन प्रकल्प सुरू केला. तीन वर्षांच्या या प्रकल्पासाठी सुमारे ९७.८४ कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांतील ५८.७० कोटी केंद्राचे व ३९.१४ कोटी राज्याचे, म्हणजे वाटा ६०:४० असा होता. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘प्रोजेक्ट लायन’ची घोषणा केली. पुढे त्यासाठी दहा वर्षांकरिता सुमारे २,९२७ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. अधिवासाचा विकास, रोगनिदान, संशोधन आणि स्थानिकांचा सहभाग ही त्याची प्रमुख अंगे आहेत.

दुसरा प्रवाह पर्यटनाचा. सासण येथील जंगल सफारी आणि देवळिया येथील कुंपणबंद उद्यान यांच्या शुल्कातून मिळणारे उत्पन्न गुजरात राज्य सिंह संवर्धन संस्थेमार्फत वन्यजीवांच्या कामी लावले जाते. अर्थसंकल्पीय मंजुरीची वाट न पाहता हाती येणारा पैसा हा याचा मोठा लाभ. परंतु गीरचे जंगल दरवर्षी पावसाळ्यात, १६ जून ते १५ ऑक्टोबर, पर्यटकांना बंद असते, आणि २०२० मधील टाळेबंदीत तर हा ओघ थांबलाच. मागोवा घेणारे कर्मचारी, पशुवैद्य आणि त्यांची वाहने यांचा खर्च मात्र बारमाही असतो.

खर्चाच्या बाबी

सिंहाच्या नावे होणारा बराचसा खर्च प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या बांधावर होतो. सौराष्ट्रात शेतातील अनेक विहिरींना कठडा नसे. रात्री भक्ष्याचा पाठलाग करताना सिंह त्यांत पडून बुडत. कठडे बांधण्यासाठी शासनाने अनुदान दिले, काही उद्योगसंस्था व देणगीदारांनीही हातभार लावला. दगडी भिंतीइतका साधा आणि खात्रीचा उपाय वन्यजीव संवर्धनात क्वचितच सापडतो. रात्री पिकाची राखण करणाऱ्यांसाठी माळे उभारून देणे आणि पिपावाव बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत कुंपण घालणे ही कामेही याच प्रकारची.

मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई हा आणखी एक नाजूक विषय. नीलगाय व रानडुकरे पिकांची नासाडी करतात आणि सिंह त्यांना मारतो, म्हणून अनेक शेतकऱ्यांना तो शेतात असलेला चालतो. दुभती म्हैस गमावलेल्या मालधाऱ्याचे गणित निराळे असते. त्याला मिळणारी रक्कम जनावराच्या बाजारभावाहून कमी पडली किंवा उशिरा आली, तर सहिष्णुतेची सारी भिस्त परंपरेवर पडते.

एकाच प्रदेशातील गुंतवणूक

सप्टेंबर–ऑक्टोबर २०१८ मध्ये गीर पूर्व विभागातील दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह दगावले. त्यांपैकी अनेकांत श्वानांमधील डिस्टेंपर विषाणूचा संसर्ग आढळला. अमेरिकेहून तातडीने लस मागवावी लागली. याच विषाणूने १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीचे सुमारे एक तृतीयांश सिंह मृत्युमुखी पडले होते. सेरेंगेटीचे नुकसान आफ्रिकेतील इतर सिंहांमुळे भरून येण्याजोगे होते. गीरला तसा आधार नाही.

हा धोका ओळखूनच मध्य प्रदेशातील कुनो येथे दुसरे घर तयार करण्यात आले. त्यासाठी २४ गावे हलवण्यात आली. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंहांचे स्थलांतर सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला. परंतु गुजरातमधून एकही वन्य सिंह तेथे गेला नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोत नामिबियाहून आणलेले चित्ते सोडण्यात आले. सिंहांसाठी झालेला खर्च आणि सिंहांसाठी उठवलेली गावे अशा रीतीने दुसऱ्याच प्राण्याच्या उपयोगी पडली.

गुजरात शासनाने पर्याय म्हणून पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यावर भर दिला आहे. २०२३ च्या आरंभी तेथे एक सिंह आपण होऊन पोहोचला आणि २०२५ च्या गणनेत तेथे १७ सिंहांची नोंद झाली. बरडा सौराष्ट्रातच असल्याने साथीच्या रोगापासून पुरेसे अंतर त्यामुळे मिळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. रोगनिदानासाठी जुनागढ जिल्ह्यात राष्ट्रीय पातळीवरील वन्यजीव केंद्र उभारण्याची तरतूद प्रोजेक्ट लायनमध्ये आहे.